जाती की प्रजाती? रोहीच्या निमित्ताने

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शिक्षकांनी विचारले आहे की, वर्तमानपत्रांत रोहीला, म्हणजे नीलगायीला, ‘कुरंगाची एक प्रजाती’ म्हटलेले असते आणि शाळेच्या पुस्तकात मात्र कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड असते. तर मुलांना काय सांगावे?

मराठी परिभाषेप्रमाणे रोही ही जाती आहे. लॅटिन ‘स्पीशीज’ म्हणजे जाती आणि तिच्या वरची पायरी ‘जीनस’ म्हणजे प्रजाती. वाघाचे शास्त्रीय नाव पँथेरा टायग्रिस आणि बिबट्याचे पँथेरा पार्डस. यांतील सामाईक पहिला शब्द प्रजातीचा आहे आणि दोन्ही शब्द मिळून जातीचे नाव होते. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींना आणि १७५८ मध्ये प्राण्यांना सरसकट लावलेली ही द्विनाम पद्धत आपल्याला फारशी परकी वाटू नये, कारण ‘पट्टेदार वाघ’ आणि ‘बिबट्या वाघ’ असे म्हणताना आपणही तेच करतो, फक्त सामाईक शब्द शेवटी ठेवतो. रोहीचे नाव बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस असे आहे. त्यात बैल, हरीण, बोकड आणि उंट असे चार प्राणी दडलेले आहेत. बोसेलाफस या प्रजातीत आज ही एकच जाती हयात आहे, त्यामुळे ‘रोहीच्या अनेक प्रजाती’ हे वाक्य कोणत्याही अर्थाने टिकत नाही.

गोंधळाचे एक कारण हिंदी आहे. तेथे ‘प्रजाति’ हा शब्द स्पीशीजसाठी रूढ आहे आणि बातम्यांबरोबर तो मराठीत उतरला. दुसरे कारण ‘प्र’ या उपसर्गात आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रपितामह म्हणजे आजोबांचे वडील, तेथे ‘प्र’ एक पिढी वर नेतो; प्रपौत्र म्हणजे नातवाचा मुलगा, तेथे तोच ‘प्र’ एक पिढी खाली आणतो. म्हणून प्रजाती जातीच्या वर की खाली, हे व्युत्पत्तीने सुटत नाही. ते संकेतानेच ठरते आणि मराठीत तो संकेत ठरलेला आहे.

‘जात’ या शब्दाला सामाजिक अर्थ चिकटल्यामुळे काही जण तो टाळतात, हे मी समजू शकतो. शेतीत आणखी एक अर्थ आहे: ‘यंदा तुरीची कोणती जात पेरली?’ असे विचारणाऱ्याला वाण अभिप्रेत असतो, आणि तुरीचे सारे वाण कजानस कजान या एकाच जातीचे असतात. तरीही शास्त्रीय लेखनात ‘जाती’ सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

हरभऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर उभे राहून पाहिले, तर रोहीचा प्रौढ नर निळसर करडा आणि मादी तांबूस दिसते, नराला आखूड शिंगे असतात आणि मादीला नसतात. नवख्याला हे दोन निराळे प्राणी वाटावेत. ‘स्पीशीज’ हा शब्द पाहणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे, त्याचा मूळ अर्थ दिसणे, रूप असा आहे. ‘जाती’ हा शब्द ‘जन्’ धातूपासून, जन्मावरून आला आहे. आपसांत प्रजनन करून प्रजननक्षम संतती देणारे जीव एका जातीचे, असे आज सामान्यतः मानले जाते, आणि त्या करड्या नराला व तांबूस मादीला एकत्र बांधणारा अर्थ आपल्या शब्दात आधीपासूनच आहे.