संपीडन, पिळणे आणि उरावर बसणे

प्रश्न असा आलाय की मुलगा साउंड रेकॉर्डिंगचा कोर्स करतोय, त्याला 'कॉम्प्रेशन'साठी मराठी शब्द हवाय, तर 'संपिडन' बरोबर की 'संकोचन', आणि शिवाय त्याच्या सरांनी सांगितलंय की सीडीवरचं गाणंसुद्धा कॉम्प्रेस्डच असतं, ते खरं का.

सरांपासून सुरुवात करतो, कारण हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडलंय की आता डोक्यात तिडीक जाते. डिजिटल म्हणजे कॉम्प्रेस्ड नव्हे! सीडीसाठी (1982 साली बाजारात आली) आवाज सेकंदाला 44,100 वेळा मोजतात, प्रत्येक माप 16 बिटांत लिहितात, डावा-उजवा असे दोन चॅनल, गुणाकार करा, सेकंदाला 14,11,200 बिट. बस, मोजलं आणि लिहिलं. यावर लगेच कोणीतरी म्हणतं की लाट तर अखंड असते, तुम्ही तिचे 44,100च ठिपके घेतले म्हणजे मधलं सगळं फेकलंत. नाही हो. त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे 22,050 हर्ट्झच्या आतली कुठलीही लाट त्या ठिपक्यांवरून परत जशीच्या तशी काढता येते, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे, आणि माणसाचा कान 20,000च्या पुढे काही जात नाही (माझा तर हल्ली त्याच्या बराच अलीकडे दमतो). राहता राहिलं ते 16 बिटांत आकडा बसवताना होणारं मागेपुढे, ते बारीक खरखर म्हणून उरतं, सगळ्यात मोठ्या आवाजाच्या साधारण 96 डेसिबल खाली. शिंप्याने साडेअडतीसच्या केसभर वर असलेली छाती वहीत साडेअडतीस लिहिली, तर त्याने तुमची छाती चेपली असं म्हणाल का?

(44,100 हा चमत्कारिक आकडा आला कुठून, तर सुरुवातीला हे डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे, चित्राच्या एका ओळीत तीन मापं, 245 ओळी, सेकंदाला 60 वेळा. करा गुणाकार. असो.)

तिडीक जायला घरचं कारणही आहे. आमच्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक साठ मिनिटांची कॅसेट होती, ती दादरला एका दुकानात कॉम्प्युटरवर उतरवायला दिली. सीडीच्या हिशोबाने तासाभराची फाईल 635 एमबी व्हायला हवी, हातात आली सत्तावन्न-अठ्ठावन्न एमबीची एमपीथ्री. म्हटलं कॉम्प्रेस केलंत काय हो, तर म्हणे "नाही काका, कॉम्प्रेस कुठे, डिजिटल केलंय." म्हटलं मला वेव फाईल द्या, म्हणजे न पिळलेली, सीडीसारखी मोजून लिहिलेली. त्याने त्याच एमपीथ्रीची वेव करून दिली, ती बरोब्बर 635 भरली, वर म्हणे "आता फुल क्वालिटी." म्हणजे पिळलेल्या लिंबाच्या सालीत पाणी ओतून लिंबू परत टम्म झालं म्हणायचं!

आणि हा लिंबू मी उगाच आणलेला नाही. संपीडन या शब्दात जो 'पीड्' धातू बसलाय ना, तोच मराठीत 'पिळणे' झालाय. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ड चा ळ होणं ही आपल्याकडची जुनी सवय: गुड चा गूळ, षोडश चे सोळा, दाडिम चं डाळिंब, तडागाचं तळं. जुनी म्हणजे किती जुनी, तर ऋग्वेदाचं पहिलंच वाक्य बघा, 'अग्निमीळे पुरोहितम्', तिथे मूळ 'ईडे'चं 'ईळे' झालंय. तसंच पालीत पीळेति आणि आपल्याकडे पिळणे, पीळ, पिळवणूक. म्हणजे परिभाषावाल्यांनी संस्कृतातून मोठ्या थाटात आणलेलं संपीडन आणि मोरीत कपडे पिळणं ही सख्खी भावंडं, एक शिकून साहेब झालं एवढंच.

आता 'पीड्' तरी आला कुठून, इथे मला खरी मजा येते. यात 'सद्' म्हणजे बसणे लपलाय. पुढचा 'पि' म्हणजे 'अपि' (अपिधानाचं पिधान होतं तसा), अर्थ वर, जवळ. पि अधिक स्द, मधला स घासून गेला, जाता जाता इ दीर्घ करून गेला आणि द ला ड करून गेला. खोटं वाटत असेल तर 'नीड' घ्या, घरटं, नि अधिक स्द, खाली बसायची जागा, इंग्रजीतलं नेस्ट तेच. तर पीडा म्हणजे मुळात वर बसणं. आपण नाही का म्हणत, उरावर बसलाय मेला! हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांना दाबणे म्हणजे उरावर बसणेच सुचलं होतं. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकणाऱ्याने बाकी तिघांचं जे काही केलेलं असतं ते शब्दशः संपीडन आहे, व्युत्पत्तीसकट.

अजून पुढे. ग्रीकमध्ये हाच जोडशब्द 'पिएझेइन' झाला, दाबणे. आणि 1880 साली झाक आणि पिएर क्युरी या भावांना काही स्फटिक असे सापडले की दाबले की वीज देतात, तर त्या गुणाचं नाव पडलं पिएझो. पूर्वी घरोघरच्या रेकॉर्ड प्लेयरमध्ये सुईमागे जो क्रिस्टल असायचा तो हाच, आजही गिटारच्या घोडीखाली पिएझो पिकप लावतात. म्हणजे स्टुडिओत एका टोकाला पिएझो, दुसऱ्या टोकाला संपीडन, आणि मधे बसलेल्या इंजिनियरला पत्ताच नाही की दोन्हीकडे एकच धातू उरावर बसलाय! मी हे एका ओळखीच्या रेकॉर्डिस्टला सांगितलं, तो म्हणाला काका चहा घेणार का.

हां, तर मुद्दा. कॉम्प्रेशन हा एक शब्द नाहीच, एका नावाने घरात शिरलेले निरनिराळे पाहुणे आहेत. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं संपीडन आणि विरलन, हवेचे कण जवळ येतात, लांब जातात, म्हणजे ध्वनी स्वतःच मुळात संपीडन. ते सोडून देऊ. दुसरा पाहुणा म्हणजे स्टुडिओतला कॉम्प्रेसर. तो फाईल अजिबात लहान करत नाही, एक केबीसुद्धा नाही. गायिकेचा आवाज ठरलेल्या रेषेच्या 8 डेसिबल वर गेला आणि 4:1 लावलं असेल तर तो 2 डेसिबलच वर जाऊ देतो, बाकी चेपतो, आणि मग सगळंच उचलून मोठं करतात. हल्लीची गाणी पहिल्या सेकंदापासून अंगावर ओरडतात ती यामुळे. याला मराठीत 'चेपणे' म्हणा. पाय चेपतो तसं, वर आलेलं खाली, पाय काही आखूड होत नाही.

तिसरा पाहुणा फाईल लहान करणारा, त्यातही दोन जाती. फ्लॅक घ्या, 2001पासून आहे, फाईल साधारण निम्म्यावर येते आणि उघडली की मूळचा एकेक बिट जिथल्या तिथे. ही घडी आहे. नऊवारी पातळ कपाटात मावावं म्हणून घडी घालतो, नेसताना घडी मोडतो, पदरावरची एक बुट्टी कमी होत नाही. याला जो कोणी संपीडन म्हणेल त्याला मी विचारीन, पिळल्यावर काहीच न गळणारं असं काय पिळलंत तुम्ही?

आणि एमपीथ्री मात्र अस्सल पिळणं. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेत ब्रांडनबुर्ग आणि मंडळींनी जे केलं (फाईलच्या शेवटी हे तीन अक्षरी नाव लावायचं 1995 मध्ये ठरलं) त्याचं सगळं तत्त्व आपल्या एका म्हणीत आहे: बळी तो कान पिळी. एखादा मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला कळत नाही, प्लॅटफॉर्मवरून फास्ट गाडी जाताना शेजारच्याचं बोलणं गिळलं जातं तसं. मग जे ऐकूच येणार नाही त्यावर बिट कशाला खर्च करा, टाका काढून. सेकंदाला 128 हजार बिटांवर पिळलं तर सीडीच्या अकराव्या हिश्शात काम. पण टाकलं ते टाकलं. तबल्याचा कडक 'ना' असतो ना, कमी बिटांच्या फाईलमध्ये त्याच्या अगदी आधी एक पुसट फस्स ऐकू येतं बघा, थाप पडायच्या आधीच थापेचा वास, ती त्या पिळण्याची खूण. आणि एमपीथ्रीची परत एमपीथ्री म्हणजे चरकातून निघालेलं चिपाड दुमडून पुन्हा चरकात. मिनिडिस्क ही सीडीची छोटी बहीण, तिचे लोकही 1992मध्ये हेच करत होते, सीडीच्या साधारण पाचव्या हिश्शात आवाज बसवायचे, तेव्हा डिजिटल ते सगळं सारखं म्हणणाऱ्यांनी निदान ही दोन खोकी शेजारी ठेवून बघावीत.

यात रस कुठला आणि चिपाड कुठलं यावरच खरं भांडण आहे. एमपीथ्रीवाले म्हणतात रस ठेवला चिपाड टाकलं, हायफायवाले म्हणतात नेमकं उलट. मी त्यात पडत नाही. दोघांनाही पिळलंय हे मान्य आहे ना, मग झालं.

आता 'संकोचन'. हा शब्द रेटणारे एक गृहस्थ आहेत, भाषेवर पुष्कळ लिहितात, त्यांचं म्हणणं संपीडन हिंदीतून आलं म्हणून नको. मग पीडा काय लखनौहून आली? आणि संकोचन म्हणजे काय, फाईल लाजली? संकोचलेली फाईल कोपऱ्यात पदराशी चाळा करत उभी आहे असं दिसतं मला. संस्कृतात संकोच म्हणजे आक्रसणे हे मलाही ठाऊक आहे, पण मराठी माणसाच्या कानाला संकोच म्हणजे पाहुण्यांकडे दुसरी पोळी न मागणे, आणि शब्द कानासाठी करायचे असतात. 'संक्षेपण' त्यातल्या त्यात बरा, पण तो गवयांसाठी राखून ठेवा. 78च्या तबकडीला एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, त्यात तासाभराचा ख्याल बसवत होते ते लोक. काय ठेवायचं ते गाणाऱ्याने ठरवलं, तो संक्षेप. मशीनने ठरवलं की पिळणं.

त्याच गृहस्थांनी मला मागे असंही सुनावलं होतं की पिळणे संस्कृत नाहीच, द्राविडी आहे, तमिळमध्ये 'पिऴि' म्हणजे पिळणे, कन्नडमध्ये 'हिंडु'. शब्द खरे आहेत, अर्थही खरे आहेत, हे मी नाकारत नाही, आणि दोन घराणी शेजारी राहून एकमेकांचा स्वभाव उचलतात हेही खरं. पण तो ऴ वेगळा, जीभ गुंडाळून लांबवायचा, आपला ळ वेगळा. आपण तमिऴचं तमिळ लिहितो म्हणून दोन्ही एक होत नाहीत. आणि इथे गूळ, सोळा, डाळिंब, तळं अशी अख्खी रांग उभी असताना एकट्या पिळण्यालाच मद्रासची गाडी कशाला पकडायची? संस्कृतापासून आपल्या भाषांचे शब्द कसे आले ते सांगणाऱ्या टर्नरच्या कोशातही पिळणे पीड् खालीच आहे. यावर त्यांचं उत्तर आलं की टर्नर साहेब होता. बरं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

लिहायचं कसं हे राहिलंच. तुम्ही 'संपिडन' लिहिलंय, ते चूक, संस्कृतातून जसंच्या तसं घेतलंय म्हणून पी दीर्घच: संपीडन. 'पीळ'मध्येही दीर्घ, कारण शेवटचं अक्षर अकारान्त. 'पिळणे'त मात्र ऱ्हस्व. परीक्षेच्या पेपरात संपीडन लिहू दे, मार्क जायला नकोत, स्टुडिओत चेपणे, पिळणे, घडी म्हणू दे. आणि कॅसेट अजून माझ्याकडे आहे, मावशीचा आवाज त्यात शाबूत आहे, तेव्हा मुलाला नीट उतरवता येत असेल तर कळवा. वेव हवी, एमपीथ्रीची केलेली नको.