नाशिकमध्ये रोज सायकल चालवतो, बजेट दोन हजार. भरवशाचा सायकल मीटर कोणता घ्यावा?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन येता, रविवारी त्र्यंबक करता, खिशात दोन हजार आहेत आणि मित्र म्हणतो, "तारवाला मीटर म्हणजे खेळणं. घ्यायचा तर जीपीएस घे, नाहीतर सरळ मोबाईल लाव." मी इथे सहसा लिहीत नाही, वाचून पुढे जातो. पण 'खेळणं' हा शब्द मी आधी ऐकलाय. कोणाच्या तोंडून, ते खाली येईलच.

आधी उत्तर. तारवाला घ्या. केटआय, सिग्मा असल्या जुन्या कंपनीचा, त्यातलाही सगळ्यात साधा. वेग, आजचं अंतर, एकूण अंतर, चालवलेला वेळ, सरासरी, घड्याळ, बस. तुमच्या बजेटात बसतो. आत सीआर २०३२ नावाचा चपटा सेल असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो, आणि रोज तासाभराचीच सायकल असेल तर दोन-तीन वर्षं बघावं लागत नाही. चार्जिंग नाही, ॲप नाही, पासवर्ड नाही. ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत जे मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. मी एक घेतला होता. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या काचेआड जो श्रावण सुरू झाला तो दिवाळीपर्यंत संपला नाही.

आता त्या खेळण्याबद्दल.

मी सातपूरला एका कारखान्यात २६ वर्षं क्वालिटीत काढली. व्हर्निअर, मायक्रोमीटर, स्लिप गेज यांच्यात आयुष्य गेलं. मोजायचं कुठलंही साधन हातात आलं की आधी त्याचा झिरो एरर बघायचा, ही खोड मला इतकी लागली की भाजीवाल्याच्या काट्याकडेही मी आधी रिकामा असताना बघतो. आणि नेमकं हेच मी स्वतःच्या सायकलच्या बाबतीत केलं नाही.

२०१५ साली आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली. दोघांनी मिळून साधारण ४८०० किलोमीटर, आणि ती पुरी करणारे पहिले भारतीय. त्यानंतर आमच्या ओळखीतला निम्मा गाव सायकलवर बसला. मी बसलो, माझा साडूही बसला. मी एक जुनी हायब्रिड घेतली. त्याने सायकल घ्यायच्या आधी हेल्मेट, गॉगल, जर्सी आणि हँडलवर लावायचं जीपीएसचं यंत्र घेतलं. त्या यंत्राच्या पैशांत माझी अख्खी सायकल आली असती. साडू माझ्याहून सहा वर्षांनी लहान, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, मला दादा म्हणतो. माणूस चांगला आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचताना तसं वाटणार नाही.

एका रविवारी आम्ही चौघं गोल्फ क्लबवरून त्र्यंबकला गेलो. (तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आसपास तिकडे सायकल घालू नका, फेरीची गर्दी असते.) कुशावर्तापाशी हातपाय धुतले, परत आलो. चहा पिताना त्याने यंत्र बघितलं, ५८.७. माझ्या मीटरवर ५६.८. सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, हा मीटर रिक्षाला लावला तर रिक्षावाला उपाशी मरेल." बाकीचे दोघं हसले. मग त्याने वर पुस्ती जोडली, "खेळणं आहे हो ते. सॅटेलाइट खोटं बोलत नाही."

तीन टक्क्यांच्या वर फरक. कारखान्यात एवढं चुकणाऱ्या गेजला मी त्याच दिवशी लाल रंग फासून कपाटात टाकलं असतं. घरी आलो, जेवलो नाही, सायकल पार्किंगमध्ये घेऊन बसलो.

मीटर कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक असेलच. स्पोकवर चुंबक, फोर्कवर सेन्सर, तिथून मीटरपर्यंत तार, चाकाच्या दर फेरीला एक टिचकी. टिचक्या मोजायच्या आणि चाकाच्या घेराने गुणायच्या. चुंबक जागेवर असेल तर टिचकी मोजायला तो चुकत नाही. घेर मात्र आपण भरतो. माझ्या मीटरात भरलेला होता २०९६ मिलिमीटर, म्हणजे ७०० बाय २३ च्या बारीक टायरचा. माझं टायर ७०० बाय ३५, त्याला टायरच्या मापांच्या तक्त्यात घेर २१६८. दुकानदाराने बसवून देताना आत जे होतं ते तसंच राहू दिलं, आणि मी, क्वालिटीवाला, दीड वर्ष त्याच आकड्यावर सरासऱ्या काढत बसलो.

तक्त्यावरही मी थांबलो नाही, कारण तक्त्याला तुमचं वजन माहीत नसतं. तुम्हीही हे करा, दहा मिनिटांचं काम आहे. टायरमध्ये रोजच्याइतकी हवा भरा. व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून फरशीवर खडूने खूण करा. सायकलवर बसा, कोणाला तरी मागून सीट धरायला सांगा आणि व्हॉल्व्ह तीनदा खाली येईपर्यंत नाकासमोर पुढे जा. तिथे दुसरी खूण. स्टीलच्या टेपने मोजून तीनने भागा. माझा आकडा आला २१५२. ७८ किलोच्या माणसाखाली टायर दबतं, म्हणून तक्त्यापेक्षा १६ मिलिमीटर कमी. त्या हिशेबाने जुने ५६.८ वाढवले की ५८.३ होतात. साडूपेक्षा ४०० मीटर कमी, आणि तेवढा तो त्र्यंबकला सायकल लावायला सावली शोधत फिरला होता.

म्हणजे त्या दिवशी तो बरोबर होता. हे मी आज पहिल्यांदा कुठे तरी लिहितोय. पण चुकलो होतो मी, मीटर नव्हे. एवढी साधी गोष्ट त्याला आजवर पटवता आलेली नाही, कारण ती पटवायची तर पहिलं वाक्य आधी कबूल करावं लागतं.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या आधी वणीच्या गडावर जायचं ठरलं. दिंडोरी, वणी, नांदुरी आणि तिथून वर घाट. जाताना दिंडोरी रस्त्यावर मी मीटर किलोमीटरच्या दगडांशी ताडत गेलो. एखादा दगड चुकीच्या जागी असतो, पण दहा दगड धरले की खरं काय ते कळतं. मीटर दगडाला दगड जुळत होता. नांदुरीला चहा झाल्यावर मी म्हटलं, दोघांनीही शून्यापासून सुरू करू. तो हसून हो म्हणाला.

वर ट्रॉलीच्या स्टेशनपाशी मी आधी पोचलो. माझ्याकडे ९.८. साडू वीस-पंचवीस मिनिटांनी आला, घामाने निथळत. त्याच्याकडे ९.३. "बघा दादा, आता जास्त दाखवतोय. पोटभर जेवू घातलंत वाटतं त्याला." आणि लगेच, कोणी विचारलं नसताना, "पण एकदाही पाय टेकवला नाही बरं का."

मला तो अर्धा किलोमीटर आठवडाभर झोपू देईना. आधी वाटलं, वळणं. जीपीएस ठरावीक वेळाने एकेक बिंदू घेतं आणि ते सरळ रेषेने जोडतं, त्यामुळे घाटाच्या वळणांवर कोपरे कापले जातात. पण त्याचं यंत्र दर सेकंदाला बिंदू घेतं, आणि घाटात आमच्या वेगाने सेकंदाला दोन मीटर होतात. त्यात कितीसा कोपरा कापला जाणार? मग वाटलं, चढ. नकाशावरचं आडवं अंतर आणि रस्त्याचं तिरकं अंतर वेगळं असतं. पण सहा टक्के चढाला हा फरक किलोमीटरमागे दोन मीटरसुद्धा भरत नाही. दहा किलोमीटरला वीस मीटर धरा.

उलगडा झाला त्याच्याच मुलामुळे. सुट्टीत आमच्याकडे आला होता, बापाचं यंत्र बरोबर घेऊन. मी त्याला सेटिंग उघडायला लावलं. त्यात ऑटो पॉज चालू, मर्यादा ताशी ५ किलोमीटर. म्हणजे वेग त्याच्या खाली गेला की यंत्र समजतं सायकल थांबली, आणि मोजणं बंद करतं. आता मला सांगा, घाटात ताशी ५ च्या खाली माणूस सायकल चालवतो का? तोल जातो. तेवढ्या वेगाने माणूस सायकल हातात धरून चालतो. माझ्या मीटरला त्याचं काही नसतं, ढकला की चालवा, चाक फिरलं की टिचकी.

तर तो अर्धा किलोमीटर माझ्या साडूने ढकलत नेला. सॅटेलाइट खोटं बोलत नाही.

ढकलण्यात काही वाईट नाही, मी स्वतः कसारा घाटात ढकलली आहे. पण आखाजीला निफाडला सासुरवाडीत आमरसाची पंगत बसली असताना त्याने सासूबाईंना सांगितलं की गड पाय न टेकता चढलो, आणि दादांचा मीटर काही अजून सुधारला नाही. मी आमरस खाल्ला आणि गप्प बसलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, बरं झालं बोलला नाहीत, जावयांनी मीटरवरून भांडलेलं बरं दिसत नाही. म्हणून इथे लिहितोय. तो इथे येतो की नाही माहीत नाही. आला तर नाव घेतलेलं नाही.

तुमच्या मित्राला एवढंच विचारा की त्याच्या यंत्रात ऑटो पॉज कितीवर आहे. नाही सांगता आलं तर त्याचा सल्ला घेऊ नका.

मोबाईलचं म्हणाल तर खिशात ठेवून ॲप चालू करा, रस्त्याची नोंद राहील. हँडलवर लावू नका. उन्हात दिसत नाही, पावसात बोट लागत नाही, आणि खड्ड्यात उडाला तर दोन हजारांचे वीस हजार होतात. स्वस्त बिनतारी मीटरही नको. आमच्यातल्या एकाकडे होता, पुढचा एलईडी दिवा लावला की आकडे नाचायचे. द्वारकेच्या सिग्नलला उभा असताना ताशी ६० दाखवत होता. महागड्या बिनतारींचं असं होत नसावं, पण तुमचं बजेट महागड्याचं नाही.

सरासरीवर फार विसंबू नका, हेही सांगून ठेवतो. तुम्ही थांबलात की मीटर थांबतो, चहाचा वेळ त्यात धरत नाही. मी पहिली २०० किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, केली तेव्हा मीटरवर २०.४ ची सरासरी बघून खुशीत होतो. २०० ला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी १४.८ पुरतात, मग घाई कशाला, असं म्हणत दोनदा मिसळ खाल्ली. शेवटचे तीस किलोमीटर जीव मुठीत धरून मारले. ब्रेवेचं घड्याळ मिसळीसाठी थांबत नाही.

आता राहिलेलं, जे खरं तर आधी सांगायला हवं होतं. तुम्हाला अनोळखी रस्त्यांवर जायचं असेल आणि कुठे वळायचं ते हँडलवरच दिसायला हवं असेल, तर माझं सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि पैसे साठवून जीपीएस घ्या. तारवाल्याला रस्ता कळत नाही, फक्त चाक कळतं. दोन सायकली असतील तरी जीपीएस सोयीचं, काढलं आणि दुसरीला लावलं.

तारवाला घेतलात तर चुंबक आणि सेन्सर यांत पाच मिलिमीटरच्या आतच अंतर ठेवा. आपल्या रस्त्यांवर चुंबक सरकतं, दर पंधरवड्याला बोटाने चाचपा. पंक्चर काढून चाक परत बसवताना उलटं बसलं तर चुंबक दुसऱ्या बाजूला जातं आणि मीटर शून्यावर बसतो. अशा 'बिघडलेल्या' मीटरपायी लोकांनी नवे घेतलेले मी बघितलेत. आणि सेल बदलायच्या आधी एकूण किलोमीटर लिहून ठेवा, काही मीटरांत जुना आकडा परत भरता येतो, काहींत नाही. माझे ११,४०० असेच गेले. तेव्हापासून कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाखाली लिहितो.

तुम्ही टायरचा आकार दिलेला नाही. टायरच्या बाजूला कोरलेला असतो. तो कळवा, तक्त्यातला आकडा मी सांगतो, पुढचं खडू घेऊन तुम्ही करा.