कॉलेजसाठी कॅमेरे घेताय? आधी हेडफोनचं भोक बघा

सर, पोरांना व्हिडिओ शिकवायला दोन लाखांत एकच भारी कॅमेरा घेऊ नका. चाळीस पोरं असतील तर पस्तीस जण नुसते बघे होतात. साधेच, पण तीन घ्या.

फोरके (जास्त बारकाव्यांचं, स्पष्ट चित्र) वगैरे नंतर. आधी बाहेरचा माइक आणि हेडफोन लावायची सोय आहे का, ते पाहा. आमच्या पोरांनी दादरच्या फूल बाजारात घेतलेली मुलाखत दिसायला झकास होती, ऐकू मात्र टेम्पोचा हॉर्नच आला! हेडफोन असता तर तिथेच कळलं असतं.

बऱ्याच जुन्या डीएसएलआरचं (लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांचं) रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतं. आपल्याकडे प्रमुख पाहुणे तोवर प्रस्तावनेतच असतात.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकणार नाही.

सेकंडहँडसाठी फोर्टातल्या बोरा बाजारात चक्कर मारा. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी तपासा. मुंबईच्या पावसाळ्यात ती हमखास धरते, त्यामुळे हवाबंद डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल याच बिलात बसवा. जादा बॅटऱ्याही. नंतर ऑफिस पैसे देत नाही.