दार वाजवल्याशिवाय आत येणे

प्रश्न : मी ७८ वर्षांचा असून चाकाची खुर्ची वापरतो. ज्येष्ठांसाठीच्या स्वतंत्र निवास संकुलात भाड्याने राहतो. कर्मचारी दार न वाजवताच, स्वतःजवळच्या किल्लीने आत येतात. हरकत घेतली की शुश्रूषागृहात हलवण्याची भाषा होते. काय करावे?

उत्तर : ती खोली आपले घर आहे, रुग्णालयातील खाट नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराचे कलम १९ कोठे व कोणासोबत राहावे याची निवड व्यक्तीकडे सोपवते, तर कलम २२ घराच्या खासगीपणात मनमानी हस्तक्षेपास मनाई करते. प्रथम भाडेकरारातील प्रवेश, पूर्वसूचना आणि स्थलांतर यांविषयीची कलमे वाचावीत. प्रत्येक प्रसंगाची तारीख व वेळ वहीत टिपून लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार सोयीस्करपणे विसरली जाते. स्थलांतराच्या कोणत्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.