दुकानाच्या काचेत ठेवण्यासाठी सजवलेला थर्माकोलचा खोटा केक स्वतः करावा की करून घ्यावा? त्यावर फाँडंट लावले तर चालेल का?

आपले दुकान वास्कोला आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून फाँडंटचा, म्हणजे लाटून केकवर पांघरायच्या साखरेच्या लगद्याचा, विचार आधी सोडून द्या. त्यातली साखर आणि ग्लिसरीन दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात. पावसाळ्यात जिथे मिठाच्या बरणीत पाणी सुटते, तिथे फाँडंटला घाम फुटणारच, आणि मागोमाग मुंग्याही येणार. रॉयल आयसिंग, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर फेटून केलेला लेप, वाळून कडक होते खरे, पण तेही शेवटी साखरेचेच. लग्नाच्या हॉलमध्ये एका संध्याकाळीपुरता उभा करायचा केक, ज्याचा एकच मजला वधूवरांना कापण्यासाठी खरा ठेवतात, त्याला साखर शोभते. बारमाही काचेत राहणाऱ्या केकला तयार ॲक्रिलिक वॉल पुट्टी घ्यावी. थर्माकोलच्या कडा बारीक पॉलिश पेपरने गोलसर घासाव्यात, पुट्टीत पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग कालवावा आणि आयसिंगप्रमाणेच ती पिशवीत भरून नोझलने नक्षी काढावी.

स्वतः करावा की करून घ्यावा, हे आपल्या हातावर अवलंबून आहे. मात्र करून घेणार असाल, तर मजुरीबद्दल मला थोडे बोलायचे आहे.

मडगावातील एका बेकरीच्या मालकांनी माझ्याकडून असाच तीन मजली केक करून घेतला होता. खालच्या मजल्यावर टोपलीची वीण होती, मधल्यावर झालरी आणि वर कोल्ड पोर्सिलेनची, म्हणजे फेव्हिकॉल आणि कॉर्नफ्लोअर मंद आचेवर घोटून केलेल्या लगद्याची गुलाबे. हा लगदा वाळताना आकसतो, म्हणून प्रत्येक पाकळी हव्या त्या मापापेक्षा थोडी मोठी लाटावी लागते, कडा बोटाने कागदासारखी पातळ करावी लागते आणि आतल्या पाकळ्या वाळून घट्ट झाल्याशिवाय बाहेरच्या चिकटवता येत नाहीत. पुट्टीही जाड थरात घातली की वाळताना तडकते, त्यामुळे वीण दोन पातळ थरांत करावी लागली. शेट न्यायला आले, त्यांनी तो एका हाताने सहज उचलला, हसले आणि म्हणाले, "बाय, हो कोण खातलो?" त्यानंतर त्यांनी थर्माकोल आणि पुट्टीच्या खर्चावर चहापाण्यापुरते चार पैसे पुढे केले. लोणी नाही, अंडी नाहीत, भट्टी पेटवली नाही, मग पैसे कशाचे, असा त्यांचा सवाल होता.

खऱ्या केकवर एखादी रेघ वाकडी गेली तरी तासाभरात सुरी फिरते आणि ती पोटात जाते. काचेतल्या केकवरची रेघ मात्र ट्यूबलाइटखाली वर्षभर तशीच राहते आणि येणारे प्रत्येक गिऱ्हाईक ती पाहते. शिवाय ऑर्डर देणारे त्याच केककडे बोट दाखवून "अगदी असाच हवा" म्हणतात, म्हणजे त्या बेकरीची विक्री माझ्या त्या न खाण्याच्या केकवर होत होती. जपानमध्ये ताकिझो इवासाकी यांनी 1932 मध्ये ओसाका येथे मेणाच्या खाद्यनमुन्यांचा व्यवसाय सुरू केला. आजही तिथली हॉटेले असा एक नमुना खऱ्या पदार्थाच्या कितीतरी पट किंमत मोजून घेतात, आणि तो कोण खाणार, असे तिथे कोणी विचारत नाही.

आता राहिलेल्या गोष्टी. थर्माकोलवर थेट स्प्रे पेंट मारू नका, त्यातले द्रावक थर्माकोल खाऊन टाकते. केक हलका असल्याने तळाच्या पाटाला पक्का चिकटवा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानेही सरकेल. पोर्सिलेनच्या फुलांना व्हार्निशचा हात द्या, कारण पावसाळ्यात तीही मऊ पडतात. काचेवर थेट ऊन येत असेल तर गुलाबी आणि जांभळा रंग टाळा, ते लवकर उडतात. पुट्टीची नोझले आणि पिशव्या पुन्हा खाण्याच्या कामाला कदापि वापरू नका. लहान मुले येत असतील तर केक त्यांच्या हाताला लागणार नाही इतका उंच ठेवा.

किंमत काम सुरू होण्यापूर्वी ठरवा आणि लिहून घ्या. मी तेवढ्याच उंचीच्या खऱ्या केकची किंमत धरते आणि त्यातून कच्च्या मालातला फरक तेवढा वजा करते. मजुरीतला एक पैसाही कमी करत नाही.