घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्यांसाठी एकत्रित मदतसेवा कशी उभारावी?

ताई, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तुमच्या महिला मंडळाला अंथरुणाला खिळलेल्यांचं घरी करणाऱ्यांसाठी केंद्र काढायचंय, आणि कोणत्या सेवा एका छताखाली आणाव्यात असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावजवळच्या गावात राहते. सासऱ्यांना लकवा झाल्यावर त्यांचं सगळं मीच केलं आणि नंतर बरीच वर्षं अशाच घरांत जात आले. त्यावरून सांगते, छताचं नंतर बघा. आधी एक हुशार, पायाला भिंगरी असलेली बाई पगारावर नेमा. तिच्या वहीत पेशंटच्या नावाआधी, त्याचं करणाऱ्या माणसाचं नाव लिहिलेलं असू दे.

आपल्याकडे सेवा बऱ्याच आहेत, पण प्रत्येकीचं दार वेगळं. गावात आशा कार्यकर्ती आहे. पंचायतीत दिव्यांगांसाठी व्हीआरडब्ल्यू म्हणजे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, तालुक्याला एमआरडब्ल्यू, म्हणजे त्याच कामाचा तालुक्याचा कार्यकर्ता. म्हाताऱ्यांच्या संध्या सुरक्षा पेन्शनला नाडकचेरी म्हणजे महसूल खात्याचं जवळचं कार्यालय, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राला सरकारी दवाखान्यातली तपासणी, मनाच्या आजाराला तालुका रुग्णालयातल्या मनोचैतन्य तपासणीचा मंगळवार. ही सगळी दारं हिंडायची कुणी? जिला दुकानातून साखर आणायला जातानाही शेजारणीला बसवून जावं लागतं, तिनं! म्हणून तुमच्या बाईनं घरी जाऊन एकदाच सगळी माहिती घ्यायची, कागदांची एक फाइल करायची आणि पुढची हिंडफिर स्वतः करायची. शक्ती योजनेमुळे 2023 पासून बायकांना कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसला तिकीट नाही, तेवढा खर्च वाचतो.

ही बाई कन्नड वाचणारी आणि मराठी बोलणारीच हवी. अर्ज कन्नडमध्ये, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत आणि औषध देणारी सून मराठी शाळेत शिकलेली, हे आपल्याकडे घरोघरी आहे. शिवाय निम्मे पेशंट कोल्हापूर-मिरजेला जातात. महाराष्ट्रानं 2023 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, इकडे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे. कोणता कागद कुठल्या दवाखान्यात चालतो हे पेशंटला गाडीत घालायच्या आधी फोन करून विचारलेलं बरं. तिथं जाऊन परत फिरलेली माणसं मी पाहिलीत.

दुसरं, शिकवणं. हे वॉर्डातच, डिस्चार्जच्या आधी व्हायला हवं. दवाखान्याशी बोलून तेवढी परवानगी काढा. निघताना नर्स पाच मिनिटांत सांगते आणि घरी आल्यावर सगळं विसरायला होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची हे बहुतेकींना माहीत असतं, पण कशी बदलायची हे हाताला धरून कुणी दाखवलेलं नसतं. पलीकडचा गुडघा वाकवायचा, पलीकडचा हात छातीवर आडवा घ्यायचा, मग खांद्याला आणि कंबरेला धरून आपल्याकडे वळवायचं. लकव्याच्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, खांदा उतरतो. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात बघायच्या, लाल डाग बोटानं दाबून फिका होत नसेल तर तिथं जखम धरायला लागलीय. नाकातल्या नळीतून पेज घालताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची आणि नंतरही अर्धा तास तशीच. एवढं नीट आलं तर कितीतरी पेशंटच्या जखमा टळतात आणि करणारीची पाठही वाचते. घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे तुमच्या बाईनं एक दिवसाआड डोकावलंच पाहिजे.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी सेवा. तिला मोकळे तास द्या. आठवड्यातून दोन दुपारी, तीन-तीन तास, मंडळाची शिकलेली बाई पेशंटजवळ बसेल आणि घरची बाहेर जाईल, नाहीतर झोपेल. बहुतेक जणी आधी झोपतात. मग स्वतःचं बीपी तपासतात, बँकेत जातात, माहेरी फोन करतात. एकीनं मला सांगितलं, "वैनी, येतील ती सगळी त्यांची तब्येत विचारतात, तू जेवलीस काय म्हणून कोण विचारत नाही." केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांची देखभाल करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला 134 मिनिटं जातात असं निघालं, पुरुषांची 76. अंथरुणावरच्या पेशंटच्या घरात हा हिशेब कुठल्या कुठे जातो.

"घरात परकी बाई कशाला?" असं सुरुवातीला ऐकून घ्यावं लागेल. सुनेला विश्रांती म्हणून बाई येते म्हटलं की सासरचे नाराज होतात, आणि सुनेलाही कसंतरी होतं. "व्यायाम करून घ्यायला मंडळाची बाई येते" म्हटलं की चहा मिळतो. तसंच म्हणा, आणि खरंच व्यायाम करूनही घ्या. पण या बायकांना पैसे द्या. काजूच्या कारखान्यातला रोज बुडवून कुणी फुकट बसायला येणार नाही, आणि यावं अशी अपेक्षाही करू नये.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी राखीव निधी असतो, ग्रामसभेत तो मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी देखभाल भत्त्याची तरतूद आहे, कलम 24. केरळमध्ये आश्वासकिरणम् योजनेत करणाऱ्या माणसाला महिना 600 रुपये ठरवले आहेत. रक्कम तुटपुंजी आहे, मला ती अपमानास्पदच वाटते, पण निदान सरकारी कागदावर तिच्या कामाची नोंद तरी झाली. आपल्या जिल्हा दिव्यांग कल्याण कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारत राहा.

सामानाची एक खोली मात्र लागेल. पेशंट गेल्यावर एअरबेड, कमोडची खुर्ची, वॉकर माळ्यावर पडून असतात. मागितलं तर लोक आनंदानं देतात. 70 च्या वरच्यांना आणि अंथरुणावरच्यांना बँकेनं घरी येऊन सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्येच सांगितलंय, शाखेत ते आठवण करून द्यावं लागतं. रात्री जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या आयांना नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा सांगा, एक लाखापर्यंतचा, आणि मूल 18 चं झालं की कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा असतो हेही. बायकोचं करणारे पुरुष आपणहून कधी मदत मागणार नाहीत, त्यांच्याकडे तुम्हीच जा.

एकदम तालुका घेऊ नका. कणकुंबी-जांबोटीकडच्या वाड्यांत पावसाळ्यात पोचणंच मुश्किल, तिथली घरं आशाच्या मदतीनं फोनवर सांभाळावी लागतील. जवळच्या दोन-तीन गावांपासून सुरुवात करा. आणि पेशंट गेला म्हणून करणारीचं नाव वहीतून लगेच काढू नका. विधवा पेन्शन, बँकेतली नावं, सुटलेलं काम परत धरणं हे सगळं त्यानंतरच सुरू होतं. काही महिन्यांनी तिला विचारा, दुसऱ्याच्या घरी दुपारी बसायला येशील का? आमच्याकडच्या पगारी बायकांतल्या बहुतेक जणी अशाच आल्यात.