‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचं पहिलं पर्व न बघता थेट दुसरं बघितलं तर चालेल का?

चालेल. पण निम्मी मजा जाईल.

तुम्ही लिहिलंय की घराचे कर्ते अण्णा नाईक मरतात हे मित्राने आधीच फोडलं, त्यामुळे पहिल्या पर्वात आता राम उरला नाही. मित्राला कशाला बोल लावताय? मालिका स्वतःच ते सांगून मोकळी होते. फेब्रुवारी 2016 मध्ये पहिलं पर्व सुरू झालं तेच मुळी अण्णांच्या मरणाने, आणि त्या निमित्ताने सगळे नाईक कोकणातल्या वाड्यात गोळा होतात. दुसरं पर्व काळात मागे जातं आणि जिवंत अण्णा दाखवतं.

‘आधीच कळलं तर मग बघायचं काय’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं. आमचे धाकटे भाऊजी पुण्याला असतात, त्यांचा हा लाडका सिद्धांत. मूळ राग माझ्या सवयीवर: मी रहस्यकथेचं शेवटचं पान आधी बघते. बघते, कारण लहानपणी आमच्या गल्लीत भाड्याने पुस्तकं देणारी जी लायब्ररी होती, तिथल्या रहस्यकथांची शेवटची पानं हमखास गायब असायची. न तपासता पुस्तक घरी आणलं की खुनी कोण ते जन्मात कळायचं नाही. तपासताना नाव दिसायचंच. हळूहळू लक्षात आलं की खुनी माहीत असला की पुस्तक जास्त रंगतं. पहिल्याच प्रकरणात त्याने कुणाला साधा चहा दिला तरी आपण डोळे बारीक करून वाचतो. भाऊजींच्या मते ही लबाडी. ‘वहिनी, तुम्ही वाचत नाही, तुम्ही कॉपी करता,’ हे त्यांनी माझ्या सासरच्या अख्ख्या गोतावळ्यासमोर म्हटलेलं आहे.

तर दुसऱ्या पर्वाचा पहिला एपिसोड लागला 14 जानेवारी 2019 ला. झी मराठीवाल्यांना काय त्याचं, पण बडोद्यात त्या दिवशी उत्तरायण! कॅलेंडरात त्या वर्षी संक्रांत 15 ची होती, पण आमच्याकडे पतंग 14 लाच. भाऊजी सहकुटुंब आले होते. दांडिया बाजारातली आमची अगाशी, सकाळपासून भोंगे, उंधियो, जलेबी, सगळं यथासांग. संध्याकाळी कुणाच्या तरी कापलेल्या पतंगाची दोरी आमच्या केबलच्या वायरीत अडकली. पलीकडच्या अगाशीवरच्या पोरांनी ती जिवाच्या आकांताने ओढली, आणि पतंग राहिला बाजूला, वायरच खाली आली. केबलवाल्याला फोन लावण्यात अर्थ नव्हता. तोही कुठल्या तरी अगाशीवर फिरकी धरून उभा असणार.

भाऊजी म्हणाले, बरं झालं, मेलेल्या माणसाची गोष्ट मागे जाऊन काय बघायची? वर आणखी, ‘आणि बडोदेकरांना मालवणी काय कळणार, तुमचं मराठीच निम्मं गुजराती.’

मी जलेबीचा डबा उचलला आणि समोरच्या मासींकडे गेले. मासी पक्क्या गुजराती, मराठी कामापुरतं, पहिलं पर्व त्यांनी बघितलेलं नाही. म्हणजे तुम्ही ज्या परिस्थितीत आहात नेमक्या त्याच, किंबहुना वाईट. साडेदहाला मालिका लागली, बाहेर अजून फटाके चालूच. अण्णा पडद्यावर आले. माधव अभ्यंकरांची ती नजर, समोरच्याला आधी नुसतं बघत राहायचं आणि मग बोलायचं. मासींनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, ‘आ माणस सारो नथी.’ हा माणूस चांगला नाही. झालं! मालवणीचा एक शब्द न कळता मालिकेचं सार सांगून मोकळ्या. म्हणून म्हणते, चालेल.

पण एकाच सोफ्यावर बसून आम्ही दोघी वेगवेगळी मालिका बघत होतो. हा माणूस आता काय करणार, याची मासींना धास्ती. मला त्याचं शेवटी काय होतं आणि त्या घराची काय दशा होते ते ठाऊक, त्यामुळे अण्णांसमोर मान खाली घालून उभं राहणारं प्रत्येक माणूस दिसलं की वाटायचं, याचाही हिशेब निघणार आहे. मासींना अण्णांची भीती वाटत होती, मला माईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, काळजी. माई झालेल्या शकुंतला नरे नुसत्या उभ्या राहिल्या तरी पोटात तुटायचं. ही काळजी पहिलं पर्व बघितल्याशिवाय येत नाही.

आणि रोजच्या मालिकेत ‘खुनी कोण’ हा एकच प्रश्न किती ताणणार? 1993 साली दूरदर्शनवर ब्योमकेश बक्षी आला, त्याचं प्रकरण एका बैठकीत, फार तर दोन बैठकींत संपायचं. तिथे गुपित राखणं जमतं. महिनोन्‌महिने रोज रात्री चालणाऱ्या मालिकेत सगळ्यांवर आळीपाळीने संशय घ्यावा लागतो आणि शेवटी कुणीही खुनी निघाला तरी प्रेक्षक म्हणतो, हा होय! पहिल्या पर्वाचं ऑक्टोबर 2016 मध्ये हेच झालं. शेवट गुंडाळला, माझं स्पष्ट मत. दुसऱ्यात त्यांनी गुपिताची कटकटच काढून टाकली. अण्णा मरणार हे गावाला ठाऊक, आता बघा तो मरणाच्या लायकीचा कसा होतो ते. म्हणून अण्णांची प्रेयसी, अपूर्वा नेमळेकरची शेवंता आली तेव्हा लोक खिळून बसले. अण्णा-शेवंताचं पुढे काय होणार याची कल्पना असूनच बसले.

तेव्हा माझा सल्ला: पहिल्या पर्वाचे सुरुवातीचे काही आठवडे झी5 वर बघा, घरातली माणसं ओळखीची झाली की सोडा, दुसरं पूर्ण बघा, आणि हवं तर मग पहिल्याचा उरलेला भाग. उलटा क्रम आहे, शुद्धतावादी ओरडतील. ओरडू देत. मालवणीचं टेन्शन घेऊ नका, वाड्यातला गडी पांडू, त्याचं ‘इसारलंय’ कळायला सिंधुदुर्गात जन्मावं लागत नाही. (हा पांडू म्हणजे प्रल्हाद कुडतरकर, मालिकेच्या लेखकांपैकी एक. विसराळूपणा स्वतःसाठीच लिहून घेतला!)

हो, एक राहिलं. घरात लहान मुलं असतील तर रात्री लावू नका. आणि दुसऱ्या पर्वात बायकांवरचा अत्याचार जरा चवीने दाखवलाय, अण्णांना हिरो करून टाकणारे मीम फिरले ते उगाच नाही. मला ते खटकलं, तरी बघत राहिले, हेही खरं.

तिसरं पर्व मार्च 2021 चं, त्यात अण्णा आणि शेवंता भुतं होऊन येतात. शेवंता मध्येच बदलली आणि मी सोडून दिलं. भाऊजींनी मात्र एकही एपिसोड चुकवला नाही, असं जाऊबाई सांगतात.